कोपरातून तुटलेली देवी

आये, देवीचा हात मोडला तेव्हाची गोष्ट काढतेय, आता तरी ऐकून घे. नवे पैसे नुकते चालू झाले होते, नवी मुंबई हा शब्दसुद्धा नव्हता. आपल्या दिवाळे गावात देवळावर कौलं चढत होती. वासा निसटला आणि काळ्या दगडातल्या देवीचा उजवा हात कोपरातून गेला. मासळी विकायला निघण्याआधी तू रोज तिला न्हाऊ घालायचीस. त्या दिवशी ओल्या पाटीसकट देवळाच्या पायरीवर बसलीस ती उठेचनास.

गावकी बसली. खंडित मूर्तीची पूजा होत नाही, खाडीत सोडायची, मुंबईहून संगमरवरी आणायची. आमच्या शाळेचे गुरुजी हात जोडून म्हणाले, "अहो, तिच्या ओठांवरचं हसू तर बघा! कुणीतरी जीव ओतलाय त्यात. पूजा नका करू, पण ठेवा. असं काम पुन्हा होणं नाही." सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू म्हणालीस, "गुरजी, ती काय बघाची वस्तू हाय? दिवा नाय, निवद नाय, तशी कशी ठेवाची तिला? तिचे हाल मना नाय बघवनार."

मी मध्येच ओरडले, "तुजा हात मोडला तवा बाबानं तुला खाडीत सोडलं काय?" तुझा डावा हात वाकडाच बसला होता, सगळ्या गावाला माहीत. तू सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दिलीस. मग देवीला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून होडीत नेलंस. पाण्यात सोडताना तू फोडलेला हंबरडा काठावर ऐकू आला. मी टिपूस काढलं नाही.

आता संग्रहालयात जाते. बिनहाताचे, बिननाकाचे देव काचेआड उभे असतात. लोक तिकीट काढून येतात, गप्प होऊन बघतात, पोरांना सांगतात, बघ, आपल्या पूर्वजांनी घडवलंय. तेव्हा गुरुजींचं पटतं. मग त्या देवांपुढे एक फूलसुद्धा नाही हे दिसतं आणि तुझंही पटतं. पटून करायचं काय? तिला सोडलं त्या अंगाची खाडी भराव घालून बुजवली, वर इमारती आल्या. आणि तू? नव्या देवीला कधी हात लावला नाहीस, मरेपर्यंत देवळात गेली नाहीस. मूर्तीही गेली आणि तुझा देवही गेला. काय मिळवलंस गं?

हा कागद पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुला वाचता येत नव्हतं. म्हणून धडधडीत लिहिते. तू गेलीस तेव्हा खूप रडले, पण तुझ्यावरचा राग काही अजून गेला नाही.