गुरुवारची खोली

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. फोन मुद्दामच केला नाही. तू गप्प बसलास की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि गप्प बसण्यात तू लहानपणापासून पटाईत.

मी अजून त्याच गणवेशाच्या कारखान्यात आहे, पण कापायच्या टेबलावर नाही. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या चाळीस पँटी मी अशा कापल्या, की सगळे पाय डावेच निघाले. हसू आलं ना? मलाही येतं आता. मालक ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “बाई, उद्यापासून तुम्ही काजं-बटणं बघा.” वीस वर्षं कात्री चालवली, आणि मग बटणं. त्या संध्याकाळी किती प्यायले ते आठवत नाही.

तेव्हा मी दिवसाही प्यायची. इस्त्रीच्या पाण्याची असते तसली बाटली माझ्या टेबलाखाली असायची. पाण्यासारखंच दिसणारं, कोण वास घेऊन बघतंय! एक दिवस इस्त्रीवाल्या मावशींनी घाईत तीच बाटली उचलून सदऱ्यावर शिंपडली. गरम इस्त्री फिरली आणि खोलीभर वास सुटला. आम्ही सोळा बायका होतो. एकीनेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. तसं न पाहणं फार लागतं रे. मावशींनी खिडकी उघडली. सुट्टी झाल्यावर मात्र फाटकाशी मला गाठून म्हणाल्या, “माझे हे यातच गेले. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायला तयार झाले तोवर उशीर झाला होता. तू वेळेत जा.” आणि हातात चिठ्ठी कोंबली. दर गुरुवारी, संध्याकाळी साडेसहा, सायकलच्या दुकानावरची खोली.

पहिल्या गुरुवारी मी रस्त्याच्या टोकावरूनच परतले. दुसऱ्या गुरुवारी दुकानापर्यंत पोचले, पण दुकानदाराने काय हवंय विचारलं तेव्हा वरच्या खोलीचं नाव तोंडातून निघेना. सायकलची घंटी घेऊन घरी आले. माझ्याकडे सायकल नाही, हे तुला सांगायला नको. तिसऱ्या गुरुवारी तो स्वतःच म्हणाला, “ताई, घंटी चांगली आहे ना? आता वर जा. नववी पायरी मोडकी आहे, तेवढी सांभाळा.”

वर दहाएक खुर्च्या. एक निवृत्त मास्तर, एक बसचालक, एक दातांचा डॉक्टर, आणखी चार-पाच जण. बाई मी एकटीच. मला वाटलं होतं उपदेश ऐकावा लागेल. पण तिथे जो तो स्वतःचंच बोलतो, बाकीचे ऐकतात. दोन आठवडे मी नुसती बसले. तिसऱ्या खेपेला तोंड उघडलं आणि म्हणाले, “मला सोडवत नाही.” कुणी हळहळलं नाही. डॉक्टरांनी चहाचा कप पुढे केला, बसचालक म्हणाला, “मलाही सोडवत नव्हती.” बस, एवढंच. एकोणिसाव्या दिवशी पाय घसरला, तेही जाऊन सांगितलं. मास्तर म्हणाले, “मग उद्यापासून पुन्हा एक मोजा.” आज एकशेबारावा आहे.

सोपं नाही. कामावरून येते, एका माणसाचा भात टाकते, रेडिओ लावते. साडेसात ते नऊ हा वेळ सरता सरत नाही. पूर्वी बाटली तरी सोबतीला होती. आता भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातलं हसणं ऐकत बसते.

बाबा गेले त्या दिवशी मी झोकांड्या खात आले होते. तू दार अडवून म्हणालास, “ताई, तू जा.” बाबांचा चेहरा मला बघायला मिळाला नाही. बरीच वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता सांगते, तुझ्या जागी मी असते तर मीही दार अडवलं असतं. माफी मागायला हवी होती, ती आज मागते.

पण पत्र त्यासाठी नाही. परवाच्या गुरुवारी मी खिडकीशी बसले होते. समोरच्या औषधाच्या दुकानापाशी एकजण उभा होता. वीस मिनिटं. दुकानात जाईना, की रस्ता ओलांडेना. सारखा मान चोळत होता. अशी मान चोळणारा माणूस मी जन्मात एकच पाहिलाय. तू वर पाहिलंस, मी दिसले, आणि तू निघून गेलास. मी हाक मारली नाही. वहिनीला काही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. दुसऱ्याच कामाला आला असशील तर हे पत्र फाडून टाक, माझा काही राग नाही. पण त्या खोलीसाठी आला असशील, तर ऐक. नदीपलीकडे सोमवारची एक बैठक असते, दोन बस बदलून जावं लागतं. मास्तरांशी बोलून मी तिकडे माझं नाव दिलंय. का, ते त्यांनाही सांगितलं नाही. या गुरुवारपासून त्या खोलीत मी नसेन. तू वर जे बोलशील ते माझ्या कानावर कधीच येणार नाही. माझ्यामुळे तुला एक दार बंद झालं, असं व्हायला नको. जा तू.

तुझीच,
ताई