माशी होती, एवढी नोंद मिळण्याबाबत

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
ऑलिव्ह माशी नियंत्रण कक्ष,
कास्त्रोपिगी विभाग, क्रीट.

विषय: आनो मेलिसा गावात यंदा ऑलिव्हवर दाकोस माशी होती, अशी एक ओळ आपल्या वहीत लिहून मिळण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपले एक उत्तर.

महोदय,

मी, पोलिक्रोनिस वारदाकिस, राहणार आनो मेलिसा, वय एकसष्ट, पाचव्यांदा अर्ज करीत आहे. आपला वेळ जातो याची मला लाज वाटते, पण दुसरे दार मला माहीत नाही.

१. माझ्या बागेत दोनशे बारा झाडे आहेत. रस्त्याकडच्या पहिल्या झाडावर आपल्या खात्याचा काचेचा सापळा आहे आणि गावात माशी किती, हे त्या एकाच सापळ्यावरून ठरते. मोजणीदार साहेबांना गाडीतून उतरून फार लांब चालावे लागू नये म्हणून ते झाड निवडले, असे त्यांनीच मला सांगितले. त्याबद्दल तक्रार नाही. दर पाच दिवसांनी मी त्यांना कॉफी दिलेली आहे.

२. वसंतात आपल्याच शिबिरात विष न मारता माशी कशी आवरावी हे शिकवले. प्लास्टिकच्या बाटलीला भोके पाडायची, आत पाणी आणि खारवलेल्या तारलीचे तुकडे घालायचे, बाटली फांदीला बांधायची. साऱ्या गावाने मिळून बांधा, असेही बजावले होते. गाव हसले. पोलिक्रोनिस आता माश्यांना जेवायला घालणार, असे कॉफीखान्यात म्हणू लागले. मग मी हट्टाने एकट्यानेच बांधल्या, झाडाला एक याप्रमाणे. आपल्या सापळ्याच्या झाडालाही बांधली, तिथेच माझी अक्कल कमी पडली.

३. माझ्या बागेतल्या माश्या माझ्या बाटल्यांत मेल्या. आपल्या सापळ्यात जुलैपासून सप्टेंबरपर्यंत शून्य. त्यामुळे आमिषाची फवारणी करणारा ट्रॅक्टर गावात आलाच नाही. आला तो 'माशीमुक्त गाव' असा चौकटीतला दाखला. तो कॉफीखान्यात भिंतीकडे तोंड करून टांगलेला आहे. शेजारच्या बागांतली फळे अळीने पोखरून गळून पडली.

४. चूक कळताच मी बाटल्या काढल्या. सापळ्यात सात माश्या आल्या, मग एकोणतीस, मग त्रेसष्ट. त्यावर आपले उत्तर आले की, अचानक झालेली ही वाढ संशयास्पद असल्याने आकडे रद्द करून आधीचे शून्य कायम ठेवण्यात येत आहे. सापळा हलवा म्हटले, तर माशी आढळल्याशिवाय तो हलवता येत नाही, असेही त्यातच होते. आता माझीही फळे किडली आहेत.

५. शेजारीण आर्गिरो हिची चाळीस झाडे गेली. तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच तेल लावले होते आणि आता त्याच्या मुलीचाही धर्मपिता मीच होणार होतो. नव्या तेलाची बाटली मी न्यायची, हे ठरलेले होते. परवा तिने मला फाटकातच अडवले. "सापळा तूच झटकून ठेवायचास. का, तर तुझ्या बाटल्यांची वाहवा व्हावी म्हणून. तुझं तेल माझ्या नातीच्या अंगाला लागायचं नाही." आपली वही तिच्या बाजूने आहे.

६. फवारणी आता मागत नाही, तिची वेळ गेली. गावात माशी होती आणि सापळ्याला कोणी हात लावला नव्हता, एवढेच शिक्क्यानिशी लिहून मिळावे. बाप्तिस्मा सतरा नोव्हेंबरला आहे. तेल कुठूनही मिळेल, पण ती माझ्या हातून घेणार नाही.

७. तेही शक्य नसल्यास सापळा तरी कोणी येऊन न्यावा. हंगाम संपल्याने मोजणीदार येत नाहीत, आणि सापळ्याला हात लावणे गुन्हा आहे, असे त्यावरच लिहिले आहे. मी रोज त्याच्याखालून जातो आणि तो भरत चालला आहे.

आपला नम्र, आणि आपल्याच सापळ्याचा नाइलाजाने झालेला राखणदार,
पोलिक्रोनिस वारदाकिस
२४ ऑक्टोबर

सोबत:
१. आपल्या उत्तराची प्रत.
२. बाटल्यांतल्या माश्या, बरणीत. गावच्या पाद्रीबाबांसमोर मोजलेल्या, चार हजार एकशे सहा.
३. आर्गिरोच्या झाडाखालचे एक ऑलिव्ह, डबीत. आत अळी आहे. अर्ज आपल्या टेबलावर येईपर्यंत तिची माशी झाली असेल, तर कृपया ती तरी मोजावी.