डोक्याएवढं कुंपण

१२ जानेवारी

चि. रंध्या यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. राग आला म्हणून आशीर्वाद कापून घ्यायचे, इतका मी हिशेबी नाही.

परवाच्या सभेत मी पाण्याच्या हक्कावर बोलत होतो. लोक भारावून ऐकत होते आणि पहिल्या रांगेत माझा सख्खा भाऊ घोरत होता. तेही सुतारालाच शोभेल असं, करवत चालवल्यासारखं. शेवटच्या रांगेपर्यंत हशा पोचला. दगड मारणारे श्रोते मी पचवले; झोपणारा भाऊ पचत नाही.

म्हणून आपल्या दोन घरांच्या मधे डोक्याएवढं कुंपण घालायचं मी ठरवलं आहे. एकदा ते झालं की तुझं तोंड दिसणार नाही. बोलणं आजपासूनच बंद. जे असेल ते पत्राने. तुझी नात भिंगरी ने-आण करील. तिच्यावर माझा राग नाही. रोज सकाळी तिने माझ्या ओसरीवर यायचं, हे ठरलेलंच आहे.

झुडूप झपाट्याने वाढणारं हवं. रोपवाटिकावाल्याने तीन सुचवली: घाणेरी, बेशरम आणि पिवळी कण्हेर. हद्द सामायिक, म्हणून तुझं मत मागतो. ते मानीनच असं नाही.

लोभ असावा, पण जागेपणी.
दादा

१४ जानेवारी

ति. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. एक कोपरा ओला होता. माझे अश्रू समजू नका, भिंगरीने तो चोखला होता. हातात आलेली वस्तू आधी चाखायची, असे तिचे सध्याचे दिवस आहेत.

झोपलो, हे कबूल. तुम्ही ज्या व्यासपीठावर उभे होतात, ते मी आदल्या दिवशी आणि रात्रभर ठोकत होतो. तुम्ही पाय आपटून बोलायला लागलात, फळी हलली नाही, माझा जीव निर्धास्त झाला आणि डोळा लागला.

आता झुडपांचं. घाणेरीच्या बिया पाखरं नेतात. तिला हद्द कळत नाही, आणि गाईने खाल्ली तर बिचारीचं कातडं सोलून निघतं. बेशरमीची मोडकी फांदीही चिखलात रुजते. ती ओढा तुंबवेल. पाण्याच्या हक्कावर बोलणाऱ्याने ओढ्यात बेशरम सोडली, यावर तुमचे विरोधक वर्षभर पोट भरतील. शिवाय माझ्या शेळ्यांना तिची चटक लागली तर त्या थरथरत फिरतील. कण्हेर दिसायला देखणी, पण तिचं बी पोटात गेलं तर माणूस हातचा जातो.

मेंदी लावा. सावकाश वाढते, कोणाच्या जिवावर उठत नाही.

लोभ वाढावा, झुडपाच्या वेगाने नसला तरी चालेल.
तुमचा रंध्या

१७ जानेवारी

चि. रंध्या यास,
अनेक आशीर्वाद. व्यासपीठाची हकीकत वाचली. मुद्दा बिनतोड आहे, पण त्याने झोपेची सबब होते, घोरण्याची होत नाही.

आणि मेंदी! ती डोक्याएवढी होईपर्यंत आपणच वाकून आपोआप तिच्याआड जाऊ. या जगात जे बदललं ते वाट पाहणाऱ्यांनी बदललेलं नाही. घाणेरी आणि बेशरम मागे घेतो. गुरांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. पिवळ्या कण्हेरीवर मात्र मी ठाम आहे. फळं धरलेली एक कुंडी ओसरीवर आणून ठेवली आहे. भिंगरीला तिचे सगळे गुणदोष समजावून सांगितले. तिने मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं. घराण्यात एक तरी श्रोता निघाला.

पुढच्या आठवड्यात रोपं लावतो. लोभाचं नंतर बघू.
दादा

२१ जानेवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि. भिंगरी बरी आहे, हे आधी सांगतो. डॉक्टरीणबाईंनी दिवसभर ठेवून घेतलं, पुन्हा पुन्हा छाती तपासली. पोटात काही गेलेलं नाही. कुंडीतल्या कण्हेरीचं जे फळ सापडत नव्हतं, ते मी तिला करून दिलेल्या लाकडी घोड्याच्या तोंडात कोंबलेलं होतं. हे खाल्लं की कायमचं झोपायला होतं, एवढंच तिने दादांच्या व्याख्यानातून उचललं. घोडा ऐकत नव्हता, म्हणून त्याला झोपवत होती.

दादांनी तुम्हाला सांगितलं नसेल. तिच्या मुठीला चीक दिसला तसे ते तिला उचलून अनवाणी धावत आले. अंगणात उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. सभा गाजवणारा माझा भाऊ नुसता ती मूठ माझ्यापुढे धरून उभा होता.

सूनबाई म्हणते, पोर आता तिकडे पाठवायची नाही. तिला काय सांगू? दादांना जेवायला लावा. लोभ आहेच.
रंध्या

२४ जानेवारी

चि. रंध्या यास,
आशीर्वाद. हे पत्र तुझ्या वहिनीच्या हाती देतो आहे, कारण आमचं टपाल बंद आहे.

कण्हेर उपटून खोल पुरली. जाळली नाही, तिचा धूरही वाईट. सूनबाईचं बरोबर आहे. माझ्या बाजूने बोलायला मुद्दा नाही आणि मी तो शोधलाही नाही. ओसरीवर आणि आतल्या खोलीत मी गुडघ्यांवर रांगत फिरलो. लहान मुलाच्या उंचीवर एवढा धोका पसरलेला असतो, हे मला या वयात कळलं. उंदरांचं औषध, खिळे, वहिनीची सुई, सगळं वर ठेवलं. सूनबाईने येऊन स्वतः पाहावं. पटलं तरच पाठवावं.

कुंपण नको. मेंदीचंही नको. ती तुझ्या दारातून निघाली की माझ्या पायरीपर्यंत मला दिसत राहायला हवी.

लोभ मागायचं तोंड नाही. असला तर असो.
दादा

२६ जानेवारी

ति. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि. सूनबाई काल येऊन गेली तेव्हा तुम्ही मोरीत लपलात, असं वहिनी म्हणाल्या. तिने सगळं घर पाहिलं, कपाटाखालून एक खिळा काढला आणि घरी येऊन हो म्हणाली.

हे पत्र भिंगरीच्या हातात दिलं आहे. चपला उलट्या घातल्यात, ऐकत नाही. वाटेत मुंग्या दिसल्या की बसेल.

तुम्ही हे वाचताय म्हणजे ती पोचली. मी अजून दारातच उभा असेन. उत्तर लिहीत बसू नका, हाक मारा.

रंध्या