दोनशे तेरा नंबरचं पत्र

बाई, परवा आपल्या अनाथाश्रमाच्या ऑफिसात एक मुलगी आली होती. तिच्याबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं, आणि तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली तरी असलं काही सांगायला दुसरं माणूस मला मिळालेलं नाही. लिहायला बसले तर पहिला अर्धा तास ऱ्हस्व-दीर्घातच गेला. वाटलं, तुम्ही लाल पेन्सिल घेऊन बसाल आणि मजकूर राहील बाजूला, आधी वेलांट्या मोजाल. मोजा. पण या वेळी शेवटपर्यंत वाचा.

मी अजून त्याच टेबलाशी बसते. मॅट्रिक झाल्यावर तुम्ही मला टायपिंगच्या क्लासला घातलंत आणि परत आल्यावर या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणालात की आजपासून तू या घरातली मुलगी नाहीस, नोकर आहेस, तेव्हा नऊ म्हणजे नऊ. मी दोन दिवस रडले. नंतर कळलं की तुम्ही मला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नव्हतंत, एवढाच त्याचा अर्थ होता. कारण मला जायला जागा कुठे होती? रजिस्टरात माझ्या नावापुढे ‘अंदाजे आठ महिने, बसथांब्याजवळ’ एवढाच मजकूर. दत्तक घ्यायचं म्हणून मला बघायला लोक दोनदा आले आणि डोळा जरा तिरळा आहे म्हणून दोनदा परत गेले. माझ्यासाठी कधी कुणाचं पत्र आलं नाही. म्हणून की काय, दुसऱ्यांची पत्रं वाचायला मला फार आवडायचं.

ते जुन्या कपाटातलं काम तुम्ही मला दिलंत तेव्हा शहरात जिकडे तिकडे कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या, आणि त्यातल्याच एका कंपनीने आपला जुना कॉम्प्युटर आपल्याला देऊन टाकला होता. तुम्ही त्याच्यावर विणलेला रुमाल घातलात आणि विचारलंत, याला नैवेद्यही दाखवायचा का? मग आठ दिवस त्याच्याकडे लांबून बघितल्यावर तुम्हीच म्हणालात की संस्था सुरू झाली तेव्हापासूनची पत्रं वाळवी खातेय, ती याच्या पोटात जाऊ देत. प्लेगाच्या आणि दुष्काळाच्या दिवसांतली पत्रं ती. एका कारकुनाची बायको प्लेगात गेलेली. दोघी मुली पदरात, ‘एकीस तरी ठेवून घ्यावे, दोघींस कडेवर घेऊन नोकरी होत नाही’ असं त्याने लिहिलं होतं. मी ते टंकताना जरा व्याकरण नीट केलं, तर तुम्ही कागद फाडलात. म्हणालात, तो रडत लिहितोय आणि तू त्याच्या मात्रा कसल्या सुधारतेस? जसं आहे तसं उतरव, डोकं चालवू नकोस. तेव्हापासून मी डोकं न चालवता उतरवत गेले.

मुलं मागणारे अर्जही त्यातच होते. मुलगा असावा, वर्ण उजळ असावा, घराणं बरं असावं. एका वकिलांच्या घरून मुलगी मागितली होती, ‘घरकामातही हाताखाली होईल’ म्हणून, आणि त्यावर कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी शाईने ‘नाही’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तुम्ही फार खूश झालात त्या दोन रेघांवर. आणि त्याच आठवड्यात कोथरूडहून एक जोडपं आलं, दोघंही कॉम्प्युटर इंजिनीअर, अर्ज सुबक टाइप केलेला. त्यातही रंग होता, बांधा होता, ‘शक्यतो शांत स्वभाव’ होता. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, मंडईत वांगी घेताना माणसं एवढं बघत नाहीत. पण माणसं वाईट नव्हती ती. घाबरलेली होती, हे तुम्हालाही दिसलं होतं, म्हणूनच तुम्ही त्यांचं नाव यादीत ठेवलंत.

आता त्याच दिवसांत आलेल्या एका बाईबद्दल. लोणी काळभोरच्या पुढच्या एका वस्तीवरून आलेली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तो दुसरीकडे काम बघतो म्हणून गेला तो गेलाच. हिला क्षय झाला. डॉक्टरांनी सांगितलं की पोरीला जवळ घ्यायचं नाही, आणि सासरी पोरीला ठेवायला कुणी तयार नाही. दीड-दोन वर्षांची मुलगी, तिने तुमच्या टेबलावर बसवली आणि स्वतः दाराशी जाऊन पदर तोंडावर धरून बोलायला लागली. कागदांवर तिचा अंगठा घेतला, मुलगी परत न्यायची मुदत सांगितली. मग तुम्ही तिला आपली रीत सांगितलीत. कायद्याची मुदत सरली तरी, जिची आई परत येण्यासारखी आहे तिच्या फाईलला आपण नाडीची गाठ मारून ठेवतो. आईने निरोप धाडायचा, दोन ओळी का होईना, आणि निरोप आला की गाठ तशीच राहणार, कुणी हात लावणार नाही. ही रीत संस्था काढणाऱ्यांपासूनची. गाठ सोडायची ती फक्त तुम्ही. ‘संक्रांतीपर्यंत दोन ओळी धाड,’ तुम्ही म्हणालात. तिला लिहिता येत नव्हतं. गावात एक म्हातारे मास्तर आहेत, ते लिहून देतील, म्हणाली.

मार्गशीर्ष असेल. माझ्या टेबलावर जुनी पत्रं सुटी करून पसरलेली, पंखा बंद ठेवून काम चाललेलं. मी चहाला आत गेले असताना एक टेम्पोवाला फाटकाशी आला, वॉचमनच्या हातात एक घडी केलेला कागद दिला आणि टेम्पो लावायला जागा नाही म्हणून तसाच निघून गेला. वॉचमनने कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. हे त्याने मला पुढे कधीतरी सहज बोलताना सांगितलं. त्या दिवशी मी चहा पिऊन आले आणि समोर होता तो कागद उचलला. शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकाचं पिवळं पान, टाकाने लिहिलेलं, वळणदार जुनं अक्षर, तारीख नाही, नाव नाही, खाली अंगठा. आणणारा तोंडी सांगेल म्हणून मास्तरांनी नाव घातलं नसणार. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मुलीची आई दुखण्यातून उठली आहे, परंतु अंगी बळ येण्यास अवकाश आहे. तरी चैत्रापर्यंत दम धरावा. मुलीस कोणाचे पदरी घालू नये. ती कान धरून निजते, तेवढे चालवून घ्यावे.’

जुन्या पत्रांतलंच एक समजून मी ते जसंच्या तसं उतरवलं, बाई. त्याला दोनशे तेरा नंबर दिला. इतकं आवडलं की तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा काढलात, डोळे पुसलेत आणि म्हणालात, ‘या बाईला पोर परत मिळाली असेल का गं? जुनं रजिस्टर काढून बघ.’ मी बघितलं. दोन दिवस मी शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी चाळत होते, आणि अंगणापलीकडे पाळणाघरात मावशी रोज कुरकुरत होत्या की नवी पोरगी कान सोडत नाही, निजताना कान ओढून ओढून लाल करते. ऑफिस आणि पाळणाघर यांच्यामध्ये एक अंगण होतं, एवढंच. मी तुम्हाला येऊन सांगितलं की नोंद सापडत नाही. तुम्ही म्हणालात, सापडायची नाहीच, गरिबाची नोंद कोण नीट ठेवतं.

संक्रांत झाली. तुम्ही विचारलंत, पत्र आलं का? मी म्हणाले, नाही. तेव्हा ते खोटं नव्हतं, देवाशपथ. तुम्ही आणखी एक महिना थांबलात, पुन्हा विचारलंत, आणि मग तुमच्या हाताने गाठ सोडलीत. मी फाईलवर टाइप केलं, ‘जन्मदात्या आईने मुदतीत चौकशी केली नाही.’ कोर्टाचं काम झालं. कोथरूडचं जोडपं आलं, मुलीला नवा फ्रॉक घातला, मावशींनी ओवाळलं. गाडीत बसताना मुलीने त्या नव्या आईचा कान धरला आणि ती बाई इतकी हसली, इतकी रडली, की आम्हा सगळ्यांना भरून आलं.

चैत्रात ती आली. चालत आत आली, अंगावर मूठभर मांस चढलेलं, पिशवीत पोरीसाठी बांगड्यांचा जोड. तुम्ही तिला बसवलंत आणि तुम्हीच सांगितलंत, दुसऱ्या कुणावर ढकललं नाहीत. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘पत्र धाडलं व्हतं की बाई. मास्तरांनी लिवलं. कान धरून निजती, त्ये बी लिवाया सांगितलं व्हतं म्या.’ दोनशे तेरा नंबर. मला तिथेच कळलं. तुम्ही माझ्याकडे वळलात. किती वेळ बघत होतात कोण जाणे. मग म्हणालात, ‘पत्र आलं होतं का?’

मी म्हणाले, ‘नाही.’

का म्हणाले? लाज वाटते सांगायला. मला वाटलं, खुर्ची जाईल. या खुर्चीशिवाय जगात माझं म्हणून काही नव्हतं, आणि ती जाईल या भीतीने माझ्या तोंडातून शब्द निघून गेला. एकदा गेला तो गेला. ती बाई म्हणाली, ‘असंल. पोचलं नसंल,’ आणि तिने उलट मलाच समजावल्यासारखी मान हलवली. दुपारपर्यंत बाकावर बसून राहिली. चहा दिला तो प्यायली. बांगड्या ठेवून गेली, कुठल्याही पोरीला घाला म्हणाली. पुढच्या वर्षी एकदा येऊन एवढंच विचारून गेली की पोर बरी हाय नव्हं. त्यानंतर आली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, ती जुनी पत्रं पुरे आता, कपाटात ठेवून दे. कारण सांगितलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं. मी वाचून दाखवलेलं तुम्ही विसरणार होतात होय? कळूनही तुम्ही बोलला नाहीत, मला वाचवलंत की त्या कोथरूडच्या घराला वाचवलंत, की कोर्टाचा शिक्का बसल्यावर आता काय उपयोग असं म्हणालात मनात, हे मी तुमच्या शेवटच्या आजारात विचारणार होते. रोज डबा घेऊन येत होते, रोज उशाशी बसत होते. तुम्ही भात मऊ झालाय म्हणून चिडायचात आणि माझं राहून जायचं. तुम्ही मला रागावला असतात तर बरं झालं असतं, बाई. एवढ्यातेवढ्यावरून रागावायचात, त्याच एका गोष्टीवरून रागावला नाहीत.

तर परवा ती मुलगी आली. हिंजवडीच्या कंपनीचं कार्ड गळ्यात तसंच, कागदपत्रं सगळी रीतसर. म्हणाली, ‘ॲक्च्युअली, मला आईला शोधायचं वगैरे नाहीये. फक्त बघायचंय की खरंच तसं लिहिलंय का.’ तिच्या आईबाबांनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. आठवीत असताना तिला फाईलची प्रत वाचायला दिली होती. त्यातली माझी ती एक ओळ तिला पाठ होती. ती ओळ घेऊन ती एवढी मोठी झाली, म्हणाली की कुणी माझ्याशी चांगलं वागलं की मला वाटतं, हे पण चौकशी बंद करतील. हसत म्हणाली. मी तिला पाणी दिलं आणि कपाट उघडलं.

तिला दोनशे तेरा नंबरच्या पत्राचं अक्षर लागेना. मीच वाचून दाखवलं. ‘कोणाचे पदरी घालू नये’पर्यंत ती नीट बसली होती, पुढच्या ओळीला तिने टेबलाची कड धरली. मग विचारलं, हे कधी आलं? मी म्हणाले, वेळेत आलं होतं. गावाचं नाव लिहून दिलं, आई आली होती तेही सांगितलं, दोनदा आली होती तेही. तिने गावाच्या नावाच्या चिठ्ठीची घडी घातली. मग अगदी हळू विचारलं, ‘मग कुणी बघितलं कसं नाही?’

भिंतीवर तुमचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. माझ्या डोक्याच्या जरा वर.

मी म्हणाले, ‘तेव्हाच्या बाई आता हयात नाहीत.’

तिने मान वर करून तुमच्याकडे बघितलं. मग फोनवर पत्राचा फोटो काढला, डोळे पुसले, आणि जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, ‘थँक यू मावशी. तुम्ही हे इतकी वर्षं जपून ठेवलंत.’ आणि मी म्हणाले, अगं, त्यात काय.

हे मी कुठे पाठवणार नाही, आणि पाठवणार तरी कुठे. तिचा पत्ता मात्र माझ्याकडे आहे, अर्जावरच आहे, फोन नंबरही आहे. खरं तर हे सगळं तिला लिहायचं होतं. तिला लिहायचा धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.