उसवायची शिवण

मंगळवार, ३ मार्च

आमच्या कारखान्याच्या तीन गाड्यांतली मधली! पुन्हा मधलीच. मोठी सुखात, लहान सुखात. दर चार वर्षांनी रूप बदलायची वेळ आली की हाल मधलीचे. डिझाइनवाला आज शिवणविभागात तासभर बसून गेला — माझ्या खुर्चीवर. म्हणे, "मधली नवी दिसली पाहिजे, पण मोठीच्या बरोबरीची दिसता कामा नये. मोठीचं गिऱ्हाईक नाराज होतं." सांगाडा तोच, इंजिन तेच, सीटमधला फोमसुद्धा तोच. मग फरक कशात? तर दोऱ्यात! मोठीला चौकटींची शिवण, लहानीला साधी, आणि मधलीला आता तांब्याच्या रंगाची दुहेरी.

घरी सांगितलं तर हे हसले. "तिघी जावांचं घर झालं की हे! एकीला नवीन आलं की दुसरी कपाट उघडून बसणार."

गुरुवार, ५ मार्च

दुहेरी शिवण सीटच्या कडेने खाली उतरते. त्याच कडेच्या आत एअरबॅग. म्हणून तिथली वीतभर शिवण मुद्दाम कच्ची ठेवायची — बारीक दोरा, पक्का करणारा उलटा टाका नाही. धक्का बसला की पापणी लवायच्या आत ती उसवली पाहिजे. नाही उसवली तर पिशवी आतच कोंडते, आणि माणूस दारावर आदळतो.

माझ्या विभागातल्या बायकांना हे पटवणं जड जातं. त्यांचा तरी काय दोष? तीस वर्षं मीच घोकून घेतलंय: सुरुवातीला तीन टाके उलटे, शेवटी तीन. शेवट उघडा सोडायचा नाही. आता मीच सांगते, सोडा!

मंगळवार, १० मार्च

दुहेरी शिवणीचा नमुना मी स्वतः शिवला. बाराला मागितला होता, साडेअकराला दिला. डिझाइनवाल्याला टाक्यांत एकही खोट सापडली नाही. खोट न काढणाऱ्यातला नाही तो.

मी विचारलं, "ताणाच्या यंत्रावर उसवून बघायचा ना?"

"मागच्या महिन्यात एकेरी शिवणीची सीट बघितली होती की. दोरा बदललाय, बाकी तेच. आणि इतका सुंदर नमुना फाडायचा?"

त्याने सही केली. नमुना काचेच्या कपाटात. सगळ्या बायका त्याच्याकडे बघून शिवणार. किल्ली माझ्याकडे.

सोमवार, ६ एप्रिल

पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. दादाने मधलीच घेतली! वहिनीचा फोन. "वन्सं, ही शिवण तुमच्याकडची? सारखं बोट फिरवावंसं वाटतं." पुढे तीच बसते, दादाशेजारी. बरं वाटलं. उगाच नाकारत नाही.

मंगळवार, १४ एप्रिल

महिन्यातून एक सीट ताण देणाऱ्या यंत्रावर चढवतात. आज नव्या शिवणीची पहिली. काटा वर चढत गेला. उसवेना. लाल रेघ ओलांडली — उसवेना! शेवटी कातडं फाटलं. शिवण जागच्या जागी.

यंत्रावरचा म्हणाला, "बाई, तुमची शिवण म्हणजे पोलाद हो!" हसत होता. मी सीटखाली वाकले.

पट्टीवर शिवणारीचा नंबर — चौदा.

बुधवार, १५ एप्रिल

चौदा नंबर. बावीस वर्षं माझ्या हाताखाली. विभागातला सर्वांत पक्का हात; सगळ्या तिला नंबरानेच हाक मारतात. समोर बसवलं.

"एअरबॅगपाशी उलटे टाके घातलेस?"

"घातले."

"का?"

"नमुन्यात आहेत."

नमुन्यावर ढकलते! "नमुना मी शिवलाय," म्हटलं.

खाली बघून म्हणाली, "म्हणून तर विचारलं नाही, बाई."

उद्धटपणा! हात पक्का म्हणून डोकं चढलंय. वर लिहून पाठवलं.

शुक्रवार, १७ एप्रिल

चौदा नंबरला काढलं. कात्री, चष्म्याचं घर, खुर्चीवरची उशी — सगळं एका पिशवीत मावलं. ती गेल्यावर यंत्रं सुरू झाली, पण एकेक करून. रोज एकदम होतात.

तिने शिवलेल्या एकतीस सीटांच्या गाड्या परत मागवल्या. दादाला वाकून पट्टी वाचायला लावली. सहा नंबर. हुश्श! म्हटलं, खुशाल चालव.

मंगळवार, २१ एप्रिल

कपाटाची किल्ली दोनदा हातात घेतली. उघडलं नाही. कशाला उघडायचं?

गुरुवार, २३ एप्रिल

दादा-वहिनी गाडी घेऊन फिरायला निघालेत. आठ दिवस. वहिनी म्हणे, "सीटवर बसलं की झोपच लागते." मी म्हटलं, "झोपा की." फोन ठेवल्यावर हात थोडा वेळ फोनवरच राहिला.

सोमवार, २७ एप्रिल

वरून हुकूम: खात्रीसाठी आणखी दोन सीटा ताणून बघा. सहा नंबरची चढवली. उसवली नाही. नऊ नंबरची. नाही.

यंत्रावरचा या वेळी हसला नाही.

विभागात परत आले. सगळ्यांचे हात थांबलेले. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, एकमेकींकडेही नव्हत्या. कपाटाकडे बघत होत्या.

सहा नंबर पुटपुटली, "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

दादाला लगेच फोन लावला. गाडी चालूच होती. "बाजूला घे," म्हटलं. "आत्ता?" "आत्ता! आणि आधी वहिनीला उतरव." उतरल्याचं तिच्या तोंडून ऐकलं, मगच ठेवला. वर कळवलं — चारशेच्या चारशे गाड्या परत मागवा. डिझाइनवाला ओरडला, "कारण काय देऊ?"

उद्या सांगते म्हटलं. किल्ली खिशात होती. हात जाईना.

मंगळवार, २८ एप्रिल

नमुना काढून उलटा केला. एअरबॅगपाशी, शेवटी तीन उलटे टाके. एकसारखे, सुबक. हात माझा.

कारण वर लिहून दिलं, खाली सही केली. मग चौदा नंबरच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं.

"उघडलंत का कपाट?" एवढंच म्हणाली.