वरवर फिरवलेला कंगवा

७ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं.

तुझी पर्शियन ठकूबाई खुशाल आहे. खुशाल नाही ती मी. बदलीच्या गावच्या भाड्याच्या घरात मांजर चालत नाही, हे तुला सामान हलवल्यावर कळलं, आणि हे केसांचं गाठोडं माझ्या गळ्यात आलं. नाक चपटं, म्हणून डोळे सारखे पाझरतात. ते मी कापसाने पुसायचे. वाडगं उथळच हवं, नाहीतर बाईसाहेबांचं तोंड बुडतं. उशीवर केस, चहात केस. काल दुकानात एका गिऱ्हाईकाने नव्या चष्म्याच्या काचेला तडा गेलाय म्हणून दुकान डोक्यावर घेतलं. तडा नव्हता, ठकूबाईचा केस होता. इतकी वर्षं चष्मे विकतेय, अशी शोभा कधी झाली नव्हती.

विंचरण्याची काळजी नको. रोज विंचरते. पाठ अशी चमकते की शेजारीण मुद्दाम बघायला येते.

माझा राग सोडून दे, लोभ ठेवून घे.
तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र बँकेत वाचलं आणि काउंटरवरच हसू फुटलं.

पण ताई, पाठ चमकून भागत नाही. केस हाताने बाजूला करून, थराथराने कातडीपर्यंत विंचरायचं. पोट, काखा, कानांमागे. वरवर फिरवलेला कंगवा काही कामाचा नाही, आतल्या आत गुंता होतो. ती गुरगुरली तरी सोडू नकोस.

ठकूबाईइतकाच माझ्यावरही जीव असू दे.
तुझी धाकटी

२४ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. कंगवा कसा धरायचा हे आता तू मला शिकवणार. अंथरुणाला खिळलेल्या आईचे कमरेपर्यंतचे केस दोन वर्षं मी विंचरले, वेणी मी घातली. माझ्या ऑपरेशनमुळे एक आठवडा, फक्त एक आठवडा तिला तुझ्यावर सोपवलं, तर तू सरळ कात्री चालवलीस. मी परत आले तेव्हा उशीवर माझी आई नव्हती, कुणी अनोळखी म्हातारा पडला होता. आई गेली, पण ते डोळ्यांपुढून जात नाही.

ठकूबाईच्या पोटाला हात लावला की ती अंगावर येते, म्हणून मी लावत नाही. जनावरालाही मर्जी असते.

लोभाचं आज काही लिहीत नाही.
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पाच वर्षं गप्प बसले, आज लिहिते.

आईची वेणी वरून देखणी होती, आणि तू तेवढीच पाहायचीस. मानेखाली, जिथे ती दिवसरात्र टेकून पडायची, तिथे केसांचा घट्ट गोळा झाला होता. खालची कातडी लाल झाली होती. मी नुसता कंगवा टेकवला, तर ती कळवळली. मला म्हणाली, काप. आणि थोरलीला सांगू नकोस, तिने फार मायेने वेणी घातली आहे, असंही म्हणाली. म्हणून नाही सांगितलं. केस कापल्यावर आई त्या दुपारी गाढ झोपली. तू आल्या आल्या कात्री फेकलीस आणि कित्येक महिने माझ्याशी बोलणं टाकलंस.

मी दुसरं घर पाहिलं आहे. पुढच्या महिन्यात येऊन ठकूबाईला घेऊन जाते. मग आपल्याला एकमेकींना पत्र लिहायचं कारणही उरणार नाही.

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र फाडणार होते. त्याऐवजी ठकूबाईला मांडीवर उताणी घेतली. तिने हात ओरबाडला, तरी सोडलं नाही. कंगवा आत शिरेचना. पोटावर, काखांत केस एकमेकांत घट्ट बसून त्यांचा जाड नमदा झाला होता.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, डोकं सोडून अंगावरचे सगळे केस काढावे लागतील. गुंता कातडी ओढतो, पाऊल टाकलं तरी दुखतं. मी त्यांच्याशी भांडले. या मांजरीचे केस म्हणजेच ही मांजर, असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि यंत्र सुरू केलं. तिला मीच धरलं होतं.

आता डोकं सिंहाचं आणि अंग उंदराचं दिसतं. शेजारीण हसली, तिला दारातूनच परत पाठवलं. माझा राग गेलेला नाही. डॉक्टरांवर आहे, तुझ्यावर आहे, आईवर तर सगळ्यात जास्त. मला सांगितलं असतं तर मी काय तिला खाल्लं असतं? रोज माझ्या हाताखाली दुखणं सोसत बसायची आणि वेणी छान झाली म्हणायची. हा संताप मी कुठे नेऊन ठेवू?

पुढच्या महिन्यात ये, पण तिला न्यायला नको. तिला थंडी वाजते, मी जुन्या स्वेटरची बाही कापून तिच्या अंगात घातली आहे. केस परत येऊ लागतील, तेव्हा आतून कसं विंचरायचं ते माझा हात धरून दाखव.

आत्ता ती खिडकीतल्या उन्हात चारी पाय वर करून झोपली आहे. इथे आल्यापासून अशी कधीच झोपली नव्हती. मी मघापासून समोर बसून आहे. आई त्या दुपारी किती वेळ झोपली होती, ते मला लिही.

तुझ्या उत्तराची आणि तुझीही वाट पाहणारी,
ताई