पेठ गाडीची राहिलेली फेरी

पंचवटी, नाशिक
दि. ५ ऑक्टोबर २०२५

श्री. सहादूभाऊ यांस,
धाकट्या साडूचा स. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय, ते घ्या आणि आधी खाली बसा. बातमी उभ्याउभ्या वाचण्यासारखी नाही. फोनवर ओरडून सांगितलं असतं, पण तुमच्या कानांनी कधीच राजीनामा दिलाय, म्हणून नेहमीसारखं पत्र पेठच्या गाडीत ड्रायव्हरच्या हाती देतोय.

आमच्या नातीनं, निकितानं, तिच्या पहिल्या कमाईतून मला कॉम्प्युटरवरचा एक खेळ घेऊन दिलाय. बस चालवायचा. हसू नका. टेबलाला खरंखुरं स्टेअरिंग लावलंय, पायाखाली क्लच, ब्रेक, सगळं आहे. खेळ परदेशी कंपनीचा, पण त्यात आपला रस्ता आपण बांधून घालता येतो. पोरीनं उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालून नाशिक ते पेठ रस्ता उभा केला. ती तुम्हाला पत्रातून थांबे, वळणं, चिंचेची झाडं विचारत होती ना, ते कॉलेजच्या कामासाठी नव्हतं, यासाठी होतं. रासेगाव आहे, करंजाळीचा बाजार आहे, कोटंबी घाट तर असा आहे की काल चढताना माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. भागीबाई आतून ओरडली की घरात कसला भोंगा वाजतोय.

आता मनातलं सांगतो. मी एसटीच्या संपात निवृत्त झालो. बाकीच्या ड्रायव्हरांना शेवटच्या दिवशी गाडीला हार, थांब्याथांब्यावर नारळ, पेढे. मला नुसता कागद आला. गाड्या डेपोत रांगेनं उभ्या होत्या आणि माझी शेवटची फेरी तशीच राहिली. चार वर्षं कुणापाशी बोललो नाही, पण माझ्या मनानं मी अजून ड्युटीवरच आहे, भाऊ. झोपेतसुद्धा गिअर टाकतो म्हणे.

तर ती फेरी आता मारायची. भाऊबीजेला तुम्ही दोघं नाशकात मेव्हण्याकडे येताच. दुपारी आमच्याकडे या. जुनी डेपोची मंडळी बोलावली आहेत. ड्रायव्हर मी, कंडक्टर तुम्ही.

खेळ इतका आवडलाय की मी गप्प कुठला बसतोय. देवळाली कॅम्पला गोटीराम मेकॅनिककडे, येवल्याला लेकीकडे, आणखी दोघा ड्रायव्हरांकडे जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवरही माझ्याच नावानं चढवून दिला. एकदा तिकीट काढलं की काढलं, मग गाडी कुठली का असेना.

चतुरावहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया घाटातल्या गाडीसारखी सावकाश का होईना, चालू ठेवावी.

तुमचा,
जयराम


पेठ तालुका, मु. पाडा
दि. ९ ऑक्टोबर

जयराम यास,
थोरल्या साडूचे आशीर्वाद.

तुझं पत्र मुक्कामी गाडीनं आलं. वाचून लय हसलो. चतुरा म्हणाली, म्हाताऱ्याला झालं काय. तिला वाचून दाखवलं तर ती माझ्यापेक्षा जास्त हसली आणि मग डोळे पुसत बसली. बायांचं काय समजत नाय.

येणार म्हंजे येणार. गुडघे नाय म्हणाले तरी येणार. माझा तिकिटाचा चिमटा फडताळात हाय, त्याला तेल दिलं. जुन्या वहीचे कोरे कागद कापून तिकिटं बनवतोय. जो घरात शिरंल त्याला तिकीट, मग तुझी भागीबाई का असंना. मी कंडक्टर असताना फुकट कुणी बसलं नाय, आताबी बसणार नाय.

तू गाडी चालवताना तंबाखू मळायचा, ती सवय गेली का? आणि निकिताला सांग, करंजाळीच्या पुढं डाव्या हाताला पाण्याची टाकी ऱ्हायली असंल तर घालून घे. तिथं गाडी थांबली नाय तर बाया शिव्या देतात.

तू मनातलं लिहिलंस म्हणून मीबी लिहितो. तुझ्या त्या शेवटच्या दिवशी संप होता हे मला ठाऊक होतं. तरी मी पेठच्या स्टँडवर सकाळपासून येऊन उभा होतो. वाटलं, एखादी गाडी सोडतील, सोडली तर तूच आणशील. सांजेला घरी गेलो. तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगून काय उपयोग.

फराळाला चतुरा नागलीचे लाडू आणती. जीव लावतोस तसा लावत ऱ्हा, सुट्टे पैसे मागणार नाय.

तुझा,
सहादू


पंचवटी, नाशिक
दि. १४ ऑक्टोबर

श्री. सहादूभाऊ यांस,
गाडी बंद पडलेल्या ड्रायव्हरचा नमस्कार.

भाऊ, ऐन वेळी माशी शिंकली. दोष माझाच.

भाऊबीजेला चित्र मोठ्या टीव्हीवर झकास दिसावं म्हणून निकितानं कॉम्प्युटरमध्ये एक नवा भाग बसवला. खेळ सुरू केला तर पडद्यावर पाटी. म्हणे हा कॉम्प्युटर नवा आहे, आणि तुमचा खेळ जितक्या कॉम्प्युटरवर चालवायला परवानगी होती तितक्यांवर चालवून झालाय. कंपनीनं खेळाला कुलूप घातलंय. कुणी चोरून नक्कल करू नये म्हणून तो खेळ इंटरनेटवरून कंपनीला सारखा विचारत असतो, हा माणूस खरा गिऱ्हाईक आहे का. पाचच कॉम्प्युटरांची मुभा होती, आणि मी घरोघर गाडी उभी करून ती संपवून बसलो. निकिता इतकी चिडली की दोन दिवस माझ्याशी फक्त भागीबाईमार्फत बोलत होती.

तिनं कंपनीला लिहिलं. पावती पाठवली. उलट टपाली मशीनचं उत्तर आलं की आपला संपर्क आम्हाला मोलाचा आहे. माणूस कुणी बोलायलाच तयार नाही.

आणि गंमत ऐका. खालच्या मजल्यावरच्या दीपककडे हाच खेळ आहे, कुलूप तोडलेला, चोरीचा. त्याला कंपनी काही विचारत नाही. इंटरनेट नसलं तरी सुरू, दहा कॉम्प्युटरांवर टाका तरी सुरू. ज्यानं तिकीट काढलं तो दारात उभा, आणि फुकट्या खिडकीशी बसून शेंगा खातोय. दीपक मनाचा चांगला आहे, म्हणाला काका, पेनड्राइव्ह देतो, पाच मिनिटांचं काम. निकिता नको म्हणते. भागीबाई म्हणते घ्या, कोण बघायला येतंय.

मंडळींना आमंत्रणं गेली आहेत. तुम्ही वर्षातून एकदा डोंगर उतरता. ही फेरी आत्ता झाली नाही तर माझ्याच्यानं पुन्हा जमवायचं होणार नाही. खरं सांगतो, माझं मन दीपककडे चाललंय. तुम्ही म्हणाल तसं करतो.

रागावून का होईना, पण लोभ आटू देऊ नका.

तुमचा,
जयराम


मु. पाडा
दि. १६ ऑक्टोबर

जयराम यास,
आशीर्वाद, आणि डोक्यात एक टपली.

चेकरचं पथक आठवतं का? चढणीला गाडी मंदावली की फुकटे पटापट उड्या मारून रानात पळायचे. वर पथक उभं. मग तिकीटवाल्यांनाच उन्हात खाली उतरवायचे. एकदा एका म्हातारीनं तिकीट पदराच्या गाठीत बांधलेलं, गाठ काय सुटंना. तो चेकर तिला म्हणाला, आजी, नाटकं करू नका. म्हातारी रडली. तिकीट निघालं, तरी पेठपर्यंत रडतच बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुझ्या त्या कंपनीचा मला लय राग आलाय, तिला कळव.

पण ऐक. म्हातारी पुढच्या खेपेला तिकीट काढूनच बसली. तू दीपकची गाडी आणलीस तर मी त्यात चढणार नाय. बाकी कुठली बी फेरी कशी बी मार. शेवटची फेरी चोरीच्या गाडीची नको. तुझ्या मनालाच ती पटणार नाय, मी वळखतो तुला. वर्षभरानं म्हणशील, ती धरायची नाय, आणखी एक राहिली.

आता डोकं चालव. गाडी घाटात बंद पडली तर आपण काय करायचो? पाशिंजरं मागून येणाऱ्या गाडीत बसवायचो. तिकीट तेच. मग तुझ्याच तिकिटावर गोटीरामाकडं एक गाडी उभी हाय ना? त्याच्या मशीनला कुणी हात लावलाय का? तिथं चालत असंल तर मंडळी देवळालीला न्या. मी मेव्हण्याकडून रिक्षानं येतो.

गोटीरामाला सांग, चहा त्याच्याकडं.

माया आहेच, ती चढावर घसरत नाय.

तुझा,
सहादू


पंचवटी, नाशिक
दि. १९ ऑक्टोबर

ती. सहादू आजोबांस,
निकिताचा वाकून नमस्कार. पाय हलवू नका, गुडघे जपा.

आजोबा, चालतंय! तुमचं पत्र वाचून आमच्या आजोबांनी, म्हणजे बाबांनी, जेवणाचं ताट तसंच सोडलं आणि आम्ही तडक बसनं देवळाली कॅम्प गाठलं. गोटीराम आजोबांनी त्या कॉम्प्युटरवर मोठा रुमाल झाकून ठेवला होता, वर गणपतीचा फोटो. त्यांना भीती, धूळ जाईल. म्हणून कुणी हातच लावला नव्हता, आणि त्यामुळंच वाचलं सगळं. मी आपला रस्ता पेनड्राइव्हमधून नेऊन घातला, घरचं स्टेअरिंग भाऊबीजेला सोबत नेऊ. खेळ सुरू झाला तेव्हा बाबांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून बसले.

दोन अडचणी आहेत. मशीन जुनं आहे, करंजाळीच्या बाजारात चित्र अडखळतं. मी बाजारातली माणसं थोडी कमी केली आहेत, रागावू नका. दुसरं म्हणजे त्यांच्या गल्लीत इंटरनेट कधी येतं, कधी जातं, आणि खेळ चालू असतानाही मध्येच कंपनीला विचारतो. देवाला हात जोडा.

चिडचिड खूप झाली, आजोबा. इतक्या हौसेनं विकत घेतला आणि मलाच सारखं सिद्ध करावं लागतंय की मी चोर नाही. पण तुम्ही नाही म्हणालात ते बरं केलंत. बाबा आता रोज सकाळी दाढी करून बसतात, ड्युटीला निघाल्यासारखे.

पाण्याची टाकी घातली आहे. आणखीही एक गोष्ट घातली आहे, ती सांगणार नाही. आजीला लाडवांची आठवण करा आणि नातीवरचा जीव असाच राहू द्या.

आपली,
निकिता


मु. पाडा
दि. २६ ऑक्टोबर

जयराम यास,
आशीर्वाद. सुखरूप पोचलो.

अजून डोळ्यापुढून जात नाय रे. गोटीरामाच्या एवढ्याशा खोलीत केवढी माणसं. तू खाकी घालून बसलास, बटण पोटावर लागत नव्हतं तरी लावलंस. मी एकेकाला तिकीट दिलं. भागीबाई म्हणाली मला कशाला, मी तिलाबी दिलं. मी दोनदा घंटी वाजवली आणि तू गाडी काढलीस. तुझा हात अजून तसाच हाय, एक धक्का बसला नाय.

आणि कोटंबी घाटात नेमकं ते झालं. चित्र थिजलं, पांढरं चाक फिरत ऱ्हायलं. निकिताचं तोंड पडलं. गोटीरामानं सवयीनं डब्यावर थाप मारली, जशी इंजिनाला मारायचा. तू स्टेअरिंग सोडलं नव्हतंस. तेव्हा मी म्हणालो, सगळ्यांनी खाली उतरा, चहा घ्या, गाडी लागली की हाक मारतो. सगळे गल्लीत गेले. खऱ्या घाटात उतरायचे तसेच उतरले बघ, कुणी कुरकुरलं नाय. चहा संपता संपता चाक थांबलं आणि रस्ता पुढं दिसला. मी सगळ्यांना पुन्हा मोजून आत घेतलं.

पेठचा स्टँड आला. तिथं खांबापाशी एक माणूस उभा. पांढरी टोपी, काखेत पिशवी. मी आधी वळखलाच नाय. चतुरानं मला कोपरानं ढोसलं. तो मीच होतो, जयराम. त्या दिवशी उभा होतो तसा. त्या पोरीनं मला तिथं उभं केलं होतं. तू गाडी बरोबर त्याच्यापुढं आणून लावलीस.

तू रडलास हे मी कुणाला सांगणार नाय. मी रडलो हे तू सांगू नको.

एक विचारायचं ऱ्हायलं. गाडी लागल्यावर पडद्यावर पुन्हा कसली तरी इंग्रजी पाटी आली. निकिता घाईनं पुढं झाली. तू तिचा हात धरलास आणि काहीतरी बोललास. मला ऐकू आलं नाय. चतुराला विचारलं तर म्हणते, त्यालाच विचारा. तर लिही.

तू जिथं असशील तिथं आमचा जीव हाय, हे धरून चाल.

तुझा,
सहादू


पंचवटी, नाशिक
दि. ३० ऑक्टोबर

श्री. सहादूभाऊ यांस,
जयरामचा साष्टांग नमस्कार. पत्रात हा घालायची पहिलीच वेळ, पण घ्या.

कालच कंपनीकडून उत्तर आलं, या वेळी माणसाचं. चौकशी केली, दिलगिरी आहे, आणखी एका कॉम्प्युटरवर परवानगी देत आहोत. निकितानं नाचत नाचत येऊन सांगितलं, बाबा, आता घरीच रोज पेठला जा. मी म्हटलं, ती जागा तू ठेव, तुझ्या पुढच्या रस्त्याला लागेल. ती आता सप्तशृंगीचा घाट बांधायचं म्हणते. गोटीराम आपल्या मशीनवरचा रुमाल काढून रोज स्वतःच चालवतो, परवा दोनदा दरीत गेला. मी चांगला जेवतो. झोपेत गिअर टाकत नाही, असं भागीबाई म्हणते, आणि ती खोटं कशाला बोलेल.

आता तुमचं विचारणं. ती पाटी खेळाचीच होती. तुम्हीच खरे मालक आहात का, पुन्हा पटवून द्या, नाहीतर खेळ इथं बंद होईल, असं लिहिलं होतं. निकिता घाईनं पासवर्ड टाकायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "राहू दे, पोरी. बंद होऊ दे. मी आत्ताच रिटायर झालो."

वहिनींना नमस्कार. आम्ही तुमचेच, हे आता सांगायलाही नको.

तुमचा,
जयराम